‘सिक्स बाय सिक्स’ नजरेआडचे भिंगदोष

सोलापूर-पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी एमआयडीसीत ओतकाम, यंत्रकाम, वस्त्रोद्योग, रसायने, औषधनिर्मिती असे नानाविध उद्योग उभे आहेत. मोटारींच्या इंजिनात बसणारे कॅमशाफ्ट येथे ओतले जातात, त्यांचे मशीनिंग होते आणि ते परदेशीही जातात. अशा सुट्या भागांची मापे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात घेतली जातात. एवढे काटेकोर काम ज्यांच्या डोळ्यांवर अवलंबून असते, त्या कामगारांच्या डोळ्यांची तपासणी मात्र बहुधा भिंतीवरच्या अक्षरतक्त्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. शेवटची ओळ वाचता आली, की ‘सिक्स बाय सिक्स’ असा शेरा पडतो आणि डोळे निर्दोष ठरतात.

हा शेरा खोटा नसतो, परंतु अपुरा असतो. कारखान्यात काम करणाऱ्याला ‘गो-नो गो’ गेज ठाऊक असते. हे गेज भाग चालेल की चालणार नाही, एवढेच सांगते. तो मापापासून किती ढळला आहे आणि कोणत्या बाजूला ढळला आहे, हे सांगत नाही. त्यासाठी प्रोफाइल प्रोजेक्टर किंवा त्याहून सूक्ष्म मापनयंत्र लागते. अक्षरतक्ता हे डोळ्याचे ‘गो-नो गो’ गेज आहे. उजळ पांढऱ्या पार्श्वभूमीवरील ठळक काळी अक्षरे ओळखता येतात का, एवढाच प्रश्न तो विचारतो. नेत्रभिंगातील अनेक सूक्ष्म दोष या प्रश्नाला बिनदिक्कत ‘होय’ असे उत्तर देऊन निसटतात. त्यांना पकडण्यासाठी गेल्या काही दशकांत प्रकाशाच्याच साहाय्याने भिंग मोजण्याची तंत्रे विकसित झाली आहेत. ती काय मोजतात, कोणाला उपयोगी पडतात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे औद्योगिक वसाहतीतील प्रत्येकाच्या हिताचे आहे.

आयुष्यभर न बदलणारे भिंग

डोळ्यात शिरणारा प्रकाश प्रथम पारपटलावर, म्हणजे कॉर्नियावर वाकतो. डोळ्याच्या एकूण सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी साधारण दोन तृतीयांश शक्ती पारपटलाची आणि उरलेली भिंगाची असते. भिंगाचा व्यास साधारण ९ ते १० मिलिमीटर आणि जाडी ४ मिलिमीटरच्या आसपास असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. सुमारे एक तृतीयांश भाग क्रिस्टॅलिन नावाच्या प्रथिनांचा आणि उरलेला बहुतांश पाण्याचा असतो. ही प्रथिने अत्यंत दाटीने व सुसूत्रपणे बसलेली असतात, म्हणूनच भिंग पारदर्शक राहते.

या रचनेत एक अडचण आहे. भिंगाच्या गाभ्यातील पेशी जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात आणि त्यांतील प्रथिने पुढे कधीही बदलली जात नाहीत. नवे थर बाहेरून चढत जातात, जुने आत दाबले जातात. त्यामुळे उष्णता, अतिनील किरण, मधुमेह, स्टेरॉइड औषधे आणि वय या सर्वांचा परिणाम भिंगात साठत राहतो. प्रथिनांचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनू लागतात, प्रकाश विखुरू लागतो आणि अखेरीस मोतीबिंदू दिसू लागतो. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षांवरील व्यक्तींमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू असल्याचे आढळले. पण पिकलेला मोतीबिंदू हा या प्रवासाचा शेवट आहे. त्याआधीची कित्येक वर्षे माणूस धडधाकट समजला जातो आणि तरीही त्याला नीट दिसत नसते.

तक्रार खरी, तक्ता निरुत्तर

समजा, ओतकाम विभागातील एक चाळिशीचा कामगार तक्रार घेऊन येतो. दिवसा ठीक दिसते, पण रात्रपाळी संपवून दुचाकीने शहराकडे परतताना समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. कधी चंद्राच्या दोन कडा दिसतात. तक्त्यावर तो शेवटची ओळ वाचतो. चष्म्याचा नंबर बदलून फरक पडत नाही. अशा वेळी ‘डोळे थकले असतील’ असे सांगून त्याची बोळवण होण्याची शक्यता मोठी असते.

वस्तुतः या तक्रारीमागे तीन वेगवेगळी भौतिक कारणे असू शकतात. पहिले कारण म्हणजे प्रकाशाचे विपथन. किरण एका बिंदूत एकत्र येण्याऐवजी थोडे इकडेतिकडे जातात. साधा ऋण वा धन नंबर आणि सिलिंडर हीही विपथनेच आहेत, पण ती चष्म्याने दुरुस्त होतात. धूमकेतूच्या शेपटीसारखी प्रतिमा ओढणारे ‘कोमा’ किंवा तीन पाय फुटल्यासारखी प्रतिमा करणारे ‘ट्रेफॉइल’ अशी उच्च श्रेणीची विपथने मात्र साध्या चष्म्याला दाद देत नाहीत. दुसरे कारण म्हणजे प्रकाशाचे विखुरणे. धुळीने माखलेल्या काचेतून समोरचा दिवा पाहावा, तसा प्रकार. तिसरे कारण भिंगाच्या आकारातील किंवा जागेतील बदल.

रात्री हे सारे बळावते, कारण अंधारात बाहुली मोठी होते. तिचा व्यास ३ वरून ६ मिलिमीटर झाला, तर प्रकाश आत घेणारे क्षेत्रफळ चौपट होते आणि भिंगाचे दिवसा झाकलेले कडेचे भागही कामाला लागतात. उजेडाच्या खोलीत घेतलेली तपासणी हा दोष पाहूच शकत नाही.

फटीतल्या प्रकाशापासून तरंगाग्रापर्यंत

नेत्रतज्ज्ञाच्या टेबलावरील स्लिट लॅम्प हे या परंपरेतील आद्य साधन होय. स्वीडनचे आल्वार गुलस्ट्रांड यांना डोळ्यातील प्रकाशाच्या मार्गक्रमणाचे गणित मांडल्याबद्दल १९११ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांनी अरुंद फटीतून प्रकाशाची पट्टी डोळ्यात सोडण्याची कल्पना पुढे आणली. भाकरीचा काप काढून आतले पदर पाहावेत, तसा हा प्रकाशाचा काप भिंगाचे थर उघड करतो. आजही अनुभवी डॉक्टरांच्या हातातील स्लिट लॅम्प आणि थेंब टाकून मोठी केलेली बाहुली यांना पर्याय नाही. परंतु त्यातून मिळणारे उत्तर हे निरीक्षण असते, मोजमाप नव्हे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रमाणित श्रेणीपद्धतीत डॉक्टर समोरचे भिंग नमुना-छायाचित्रांशी ताडून त्याला अंक देतात. तरीही दोन तपासनीसांच्या अंकांत थोडा फरक राहतोच.

मोजमापाचा पहिला मार्ग विमानविद्येच्या बाजूने आला. ऑस्ट्रियाचे थिओडोर शाइम्पफ्लुग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई छायाचित्रांतील तिरपेपणा दुरुस्त करण्याची पद्धत शोधली आणि १९०४ साली तिचे पेटंट घेतले. वस्तूचे, कॅमेऱ्याच्या भिंगाचे आणि प्रतिमेचे प्रतल एकाच रेषेत मिळतील असे ठेवले, तर तिरकी वस्तूही सर्वत्र स्पष्ट उमटते, हे त्यामागील तत्त्व. हाच कॅमेरा डोळ्यासमोर फिरवला, की पारपटलापासून भिंगापर्यंतचे तिरपे काप सुस्पष्ट मिळतात. आजची यंत्रे सुमारे दोन सेकंदांत २५ वा अधिक काप टिपतात आणि भिंगाची घनता ० ते १०० अशा मोजपट्टीवर आकड्यात सांगतात. गाभ्यातील दाटपणा वर्षागणिक किती वाढला, हे त्यातून तुलना करून पाहता येते.

दुसरा मार्ग खगोलशास्त्राकडून आला. दुर्बिणीचे आरसे तपासण्यासाठी जर्मनीचे योहानेस हार्टमान यांनी १९०० च्या सुमारास छिद्रे पाडलेला पडदा वापरला. १९७१ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात रोलंड शॅक आणि बेन प्लॅट यांनी छिद्रांच्या जागी चिमुकल्या भिंगांची जाळी बसवली. उद्देश होता, वातावरणामुळे अस्पष्ट दिसणाऱ्या उपग्रहांचे चित्रण सुधारण्याचा. १९९४ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथील योझेफ बिले यांच्या गटाने तीच युक्ती मानवी डोळ्याला लावली. दृष्टिपटलावर मंद प्रकाशाचा एक ठिपका पाडला जातो. तेथून परतणारा प्रकाश भिंग व पारपटल ओलांडून बाहेर येतो. डोळा निर्दोष असेल, तर हे तरंगाग्र सपाट असते आणि जाळीतील प्रत्येक भिंग आपापल्या जागी नेमका ठिपका उमटवते. दोष असेल तेथे ठिपका सरकतो. तो किती सरकला, यावरून तरंगाग्राचा उतार कळतो आणि संगणक त्याचा नकाशा काढतो. या नकाशाचे कोमा, ट्रेफॉइल अशा घटकांत पृथक्करण करण्याचे गणित डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके यांनी १९३४ मध्येच मांडून ठेवले होते.

येथील एककही यंत्रकामाच्या ओळखीचे, म्हणजे मायक्रॉनच आहे. बाहुली ६ मिलिमीटर असताना निरोगी डोळ्यातील उच्च श्रेणीच्या विपथनांची सरासरी बेरीज मायक्रॉनच्या साधारण एक तृतीयांश भरते. माणसाचा केस याच्या सुमारे दोनशे पट जाड असतो.

दोष पारपटलाचा की भिंगाचा?

तरंगाग्र संपूर्ण डोळ्याचे मापन करते. त्यामुळे दोष नेमका कोठे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर वजाबाकीने मिळते. पारपटलाच्या पृष्ठभागाचा नकाशा वेगळा काढता येतो; त्यावरून पारपटलाचे विपथन कळते. संपूर्ण डोळ्याच्या विपथनातून ते वजा केले, की उरलेला वाटा प्रामुख्याने भिंगाचा असतो. तरुणपणी भिंगाचे गोलीय विपथन पारपटलाच्या उलट दिशेचे असते आणि दोन्ही मिळून परस्परांचे दोष झाकतात. वयाबरोबर हा समतोल ढळत जातो. भिंग डोळ्याला काचेसारखे स्वच्छ दिसत असतानाही हा बदल मोजता येतो.

एक मुद्दा मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. स्लिट लॅम्प आणि तिरप्या कापांचा कॅमेरा भिंगातून डॉक्टरकडे मागे परतणारा प्रकाश पाहतात. रुग्णाला त्रास होतो तो पुढे, दृष्टिपटलाकडे विखुरणाऱ्या प्रकाशाचा. ही दोन्ही प्रमाणे नेहमी सारखी नसतात. म्हणून दृष्टिपटलावर उमटलेल्या बिंदूची प्रतिमा मोजणारी ‘डबल पास’ पद्धत पूरक ठरते. तिच्या विखुरण-निर्देशांकात १ पेक्षा कमी मूल्य सामान्य, तर १ ते ३ हे आरंभीच्या मोतीबिंदूचे सूचक मानले जाते. तक्रार आहे पण तक्त्यावर दोष नाही, अशा रुग्णाला या आकड्यामुळे प्रथमच आपले म्हणणे सिद्ध करता येते.

याही आधीची पायरी गाठण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. अंतराळातील द्रवांच्या प्रयोगांसाठी नासाने तयार केलेले लेसर तंत्र डॉ. रफत अन्सारी यांनी डोळ्याकडे वळवले. भिंगातील प्रथिने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून अल्फा क्रिस्टॅलिन हे प्रथिन राखणदाराचे काम करते. त्याचा साठा किती उरला, हे विखुरलेल्या प्रकाशाच्या चढउतारांवरून अजमावता येते. ७ ते ८६ वर्षे वयोगटातील ३८० डोळ्यांवरील अभ्यासाचे निष्कर्ष २००८ च्या अखेरीस जाहीर झाले. भिंग अद्याप पारदर्शक असतानाच हा साठा घटत असल्याचे त्यातून दिसले. हे तंत्र नेहमीच्या दवाखान्यांत अद्याप रुळलेले नसले, तरी संशोधनाची दिशा त्यातून कळते.

छोटा दोष, मोठा इशारा

भिंगातील किंचित फरक कधी कधी शरीरातील अन्य व्याधीची पहिली खूण ठरतो. भिंगाचा मधला भाग पुढे शंकूसारखा फुगलेला आढळला, तर ‘आल्पोर्ट’ या आनुवंशिक विकाराची शंका घ्यावी लागते. त्यात मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात आणि ऐकूही कमी येऊ लागते. भिंग आपल्या जागेवरून वर सरकलेले दिसले, तर ‘मार्फान’ विकाराचा विचार करून हृदयापासून निघणाऱ्या महाधमनीची तपासणी केली जाते. नंबर वारंवार बदलणाऱ्या उंच, सडपातळ तरुणाच्या बाबतीत ही खूण वेळेवर सापडणे जीव वाचवणारे ठरू शकते.

घरोघरी दिसणारे उदाहरण याहून साधे आहे. साठीनंतर आजोबांचा वाचनाचा चष्मा अचानक सुटतो आणि घरात कौतुक होते. प्रत्यक्षात भिंगाचा गाभा दाट होऊन डोळ्याला ऋण नंबर आलेला असतो. ही नजर परत आलेली नसून मोतीबिंदूची चाहूल लागलेली असते. मधुमेहींमध्ये रक्तशर्करेच्या चढउतारांनी भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते आणि नंबर काही दिवसांत इकडचा तिकडे होतो. म्हणून शर्करा स्थिर झाल्यावरच चष्मा किंवा सूक्ष्म मापने करून घ्यावीत.

भट्टीपुढचे डोळे

चिंचोळीसारख्या वसाहतीत या विषयाला आणखी एक बाजू आहे. वितळलेल्या लोखंडाचे तापमान १,४०० अंश सेल्सियसच्या घरात असते आणि त्यातून मोठ्या प्रमाणावर अवरक्त किरण बाहेर पडतात. यातील दृश्य प्रकाशाला लागून असलेला पट्टा पारपटल ओलांडून आत जातो. बुबुळाचा रंगीत भाग तो शोषून तापतो आणि त्याला टेकलेले भिंगही तापते. काच फुंकणाऱ्या कारागिरांमधील मोतीबिंदू युरोपात अठराव्या शतकापासून माहीत होता. ब्रिटनमध्ये १९०७-०८ च्या सुमारास चौकशीअंती तो व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य झाला. स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात भट्टीवरील कामगारांच्या पाहण्या झाल्या. आजच्या संरक्षित भट्ट्यांवर हा विकार पूर्वीइतका आढळत नाही. पण सावधगिरी सोडण्याइतका तो इतिहासजमाही झालेला नाही.

भारतीय कायद्यानेही त्याची दखल घेतली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अवरक्त किरणांमुळे होणारा व्यवसायजन्य मोतीबिंदू समाविष्ट होता आणि हीच नोंद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहे. या गटातील रोगासाठी त्या प्रकारच्या कामातील किमान सहा महिन्यांच्या सलग सेवेची अट आहे. प्रत्यक्षात अडचण येते ती पुराव्याची. पन्नाशीच्या कामगाराच्या भिंगातील डाग वयाचा, मधुमेहाचा, स्टेरॉइडच्या गोळ्यांचा की भट्टीचा, हे एका तपासणीवरून सांगणे कठीण असते. कोणतेही यंत्र कारणाचे नाव छापून देत नाही. मात्र नोकरीवर रुजू होताना भिंगाची स्थिती काय होती आणि दरवर्षी ती कशी बदलली, याची आकड्यांतील नोंद असेल, तर चर्चा अंदाजावरून मोजमापावर येते. कामगाराला न्याय मिळण्यासाठी ती जेवढी उपयुक्त, तेवढीच मालकालाही आपली संरक्षणव्यवस्था पुरेशी आहे का, हे तपासण्यासाठी उपयुक्त आहे.

संरक्षणाच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. साधा काळा गॉगल भट्टीपुढे पुरेसा नसतो. तो दृश्य प्रकाश अडवतो, त्यामुळे बाहुली मोठी होते. अवरक्त किरण मात्र त्यातून पार होऊ शकतात. अवरक्त किरण रोखणारी प्रमाणित काचच तेथे हवी. वेल्डिंगच्या ठिणगीपासून येणारे अतिनील किरण हा आणखी वेगळा धोका आहे. त्यामुळे काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, ती पारपटलाची इजा असते आणि तिच्यासाठी वेगळ्या काचेची ढाल लागते.

आकड्यांचा अतिरेकही नको

नवे यंत्र आले, की प्रत्येकाने त्यासमोर बसावे असा आग्रह सुरू होतो. तो टाळला पाहिजे. डोळा कोरडा असेल, अश्रूंचा थर तुटका असेल, तर तरंगाग्राचा नकाशा बिघडलेला दिसतो आणि निरोगी भिंगावर ठपका येतो. बाहुली लहान असेल, तर कापांच्या कॅमेऱ्याला भिंगाचा मागचा भाग नीट दिसत नाही. स्टेरॉइड किंवा उष्णतेशी निगडित डाग तर नेमके तेथेच असू शकतात. ते पाहण्यासाठी बाहुली मोठी करून, मागून येणाऱ्या लाल प्रकाशात भिंग तपासावे लागते. म्हणून पहिली पायरी ही कसून केलेली स्लिट लॅम्प तपासणीच होय. तक्रार आणि तपासणी यांचा मेळ बसत नसेल, तेव्हा पुढील मापने करावीत.

केवळ निर्देशांक वाढला म्हणून शस्त्रक्रिया करणेही योग्य नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय कामात व जगण्यात किती अडथळा येतो, यावर ठरतो. रात्री अवजड वाहन चालवणाऱ्या चालकाला जो दोष असह्य होईल, तोच घरात बसणाऱ्या वृद्धेला जाणवणारही नाही. मोतीबिंदू थेंबांनी विरघळवणारे कोणतेही मान्यताप्राप्त औषध आजमितीस उपलब्ध नाही, हेही जाहिरातींच्या गदारोळात ध्यानात ठेवावे. लवकर निदान झाल्याचा लाभ वेगळा आहे: योग्य नंबर, शर्करेवर नियंत्रण, स्टेरॉइडचा डॉक्टरांच्या सल्ल्याने फेरविचार, कामाच्या जागी योग्य काच आणि आवश्यक तर रात्रीच्या वाहन चालवण्यावर मर्यादा.

सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आणि कामगार विमा रुग्णालय अशा सार्वजनिक सेवा आहेत. दिव्यांभोवती वलये दिसणे, एका डोळ्यानेही दुहेरी दिसणे, वाचनाचा चष्मा अचानक सुटणे किंवा नंबर वारंवार बदलणे, यांपैकी काहीही जाणवले तर तेथे किंवा आपल्या नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन ‘बाहुली मोठी करून भिंग तपासा’ असे स्पष्टपणे सांगावे. आपण कोणत्या विभागात, भट्टीपासून किती अंतरावर आणि किती वर्षे काम केले, हेही आवर्जून सांगावे. डॉक्टरांनी ते विचारलेच असेल असे गृहीत धरू नये. कारखान्यांनीही भट्टी, वेल्डिंग आणि सूक्ष्म तपासणी विभागांतील कामगारांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत अक्षरतक्त्याच्या जोडीला भिंगाची सविस्तर तपासणी घातली आणि तिची प्रत कामगाराच्या हाती दिली, तर त्याला येणारा खर्च तयार मालाच्या मोजमापावर होणाऱ्या खर्चापुढे नगण्य ठरेल.